जपानमधली भाषाशाळा : दोन वर्षांचे पैसे कधी वसूल होतात, कधी नाही

जपानला जाऊन जपानी शिकायचं आणि तिथेच नोकरी धरायची, हा बेत पुण्या-मुंबईत आता नवा राहिलेला नाही. त्यासाठी सर्वांत जास्त विकली जाणारी गोष्ट म्हणजे जपानमधल्या भाषाशाळेचा, म्हणजे निहोंगो गाक्कोचा, सव्वा ते दोन वर्षांचा कोर्स. स्टुडंट व्हिसा, हॉस्टेल, आठवड्याला २८ तास कामाची मुभा आणि शेवटी ‘जॉब सपोर्ट’, असं ते पॅकेज असतं. हे परीक्षण कुठल्या एका शाळेचं नाही, या सगळ्या सेवेचं आहे: पैसे टाकल्यावर काय मिळतं, काय मिळत नाही, आणि ती कोणी घ्यावी.

मत आधीच सांगून टाकतो. भाषाशाळा भाषा शिकवते, आणि बऱ्यापैकी शिकवते. पण ती संपल्यावर जे प्रमाणपत्र मिळतं, त्याच्या जोरावर जपानमध्ये नोकरीचा व्हिसा मिळत नाही. शाळेनंतर कुठल्या दारातून बाहेर पडायचं हे ज्याने आधी ठरवलंय, त्याला ही सेवा उपयोगी पडते. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्यासाठी इतका महाग क्लास दुसरा नाही.

शाळा संपते तेव्हा

ऑफिसात, कारखान्याच्या डिझाइन विभागात, आयटीत किंवा दुभाषा म्हणून काम करायचं तर बहुतेकांना ‘गिजिनकोकु’ हा निवास-दर्जा लागतो. त्यासाठी पदवी हवी, मग ती जपानची असो की भारताची. पदवी नसेल तर जपानमधल्या सेनमोन गाक्कोची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक महाविद्यालयाची, ‘सेनमोन्शी’ पदविका चालते, किंवा त्या कामाचा दहा वर्षांचा अनुभव (दुभाषाच्या कामाला तीन वर्षांचा). या यादीत भाषाशाळेचं प्रमाणपत्र कुठेच नाही. सोबत जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत वरची पातळी एन-१ (सर्वांत खालची एन-५) असली तरी नाही.

बी.ई., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झालेल्या मुलाकडे व्हिसाची पात्रता आधीपासून असते, कमी असते ती भाषा. बारावी झालेल्याकडे दोन्ही नसतं. आपल्याकडचा दहावीनंतरचा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा इथे हमखास फसवतो. घरच्यांच्या लेखी मुलगा ‘इंजिनिअर’ असतो, जपानच्या इमिग्रेशनच्या लेखी तो पदवीधर नसतो. त्यामुळे एकच पॅकेज चौघांनी घेतलं तरी त्याचा निकाल चार प्रकारचा लागतो.

बारावीनंतर जाणाऱ्याला पूर्ण दोन वर्षांचा कोर्स खरोखर कामाचा आहे, पण तो विद्यापीठाची पूर्वतयारी म्हणून. ‘शिंगाकु’, म्हणजे पुढच्या शिक्षणाची तयारी करून घेणारा कोर्स घ्या आणि त्यात ईजेयू या परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेचे विषय शिकवतात का, ते विचारा. ईजेयू वर्षातून दोनदा, जून आणि नोव्हेंबरमध्ये होते. जपानी भाषेला लेखनाच्या ५० गुणांसह ४५० गुण, गणिताला २००, विज्ञानाला २०० आणि कला शाखेकडे जाणाऱ्यांसाठी ‘जपान आणि जग’ या विषयाला २००. विज्ञान आणि गणिताचे पेपर इंग्रजीतही देता येतात, हे आपल्या मुलांच्या फायद्याचं आहे. मात्र तसं चालेल की नाही हे ज्या-त्या विद्यापीठाच्या नियमात बघावं लागतं. अनेक शाळा फक्त जपानीची तयारी करून घेतात, गणित-विज्ञान वाऱ्यावर. मग मुलगा चांगल्या सरकारी विद्यापीठाऐवजी जवळच्या सेनमोन गाक्कोत जातो. जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांचं वर्षाचं मानक शुल्क ५,३५,८०० येन आहे, बहुतेक भाषाशाळांच्या वार्षिक फीपेक्षा कमी. टोकियो विद्यापीठाने २०२५ पासून नव्या पदवी विद्यार्थ्यांसाठी ते ६,४२,९६० केलं, तरीही कमीच.

सेनमोन गाक्को वाईट नाही. पण तिथून निघणाऱ्याची नोकरी त्याने शिकलेल्या विषयाशी जुळते का, हे इमिग्रेशन विद्यापीठाच्या पदवीधरापेक्षा कडक नजरेने पाहतं. हॉटेल व्यवस्थापन शिकून गोदामाच्या ऑफिसात नोकरी मिळाली, तर व्हिसा अडकू शकतो. विषय निवडताना पुढची नोकरी डोळ्यासमोर हवी.

पदवीधराने दोन वर्षं विकत घेऊ नयेत. एन-३ पर्यंत भारतात शिकावं, ऑक्टोबरची दीड वर्षाची किंवा जानेवारीची सव्वा वर्षाची बॅच धरावी, आणि तिथे गेल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांतच नोकरीचे अर्ज सुरू करावेत. नोकरी पक्की झाली की कोर्स अर्ध्यात सोडून दर्जा बदलता येतो. मोठ्या कंपन्यांची नव्या पदवीधरांची भरती वर्षभर आधी, मार्चपासून सुरू होते आणि रुजू होणं एप्रिलमध्ये असतं. भाषाशाळेतला परदेशी पदवीधर या रांगेत नेहमी बसतोच असं नाही. त्याला मधल्या भरतीतून, लहान-मध्यम कंपन्यांतून शिरावं लागतं. आयटीत एन-३ वरही दार उघडतं. यंत्र आणि वाहन उद्योगात एन-२ मागतात.

ज्याच्याकडे पदवी आणि एन-२ दोन्ही आहेत, त्याला भाषाशाळेची गरज नाही. त्याने भारतात राहूनच थेट मुलाखती द्याव्यात किंवा पुढच्या शिक्षणासाठी जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीला अर्ज करावा. संशोधन गटात फी माफ, विमानाचं तिकीट आणि महिन्याला सुमारे १,४३,००० ते १,४५,००० येन मिळतात. पदवी गटात सुमारे १,१७,०००. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचा अर्ज जपानच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो.

राहिला आयटीआय किंवा डिप्लोमावाला. त्याच्यासाठी ‘तोकुतेइ गिनोऊ’ म्हणजे विशिष्ट कुशल कामगार हा मार्ग आहे. तो २०१९ मध्ये सुरू झाला, आणि भारत-जपान सहकार्य करार त्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा आणि भाषेची एन-४ किंवा जेएफटी-बेसिक (२५० पैकी २००) एवढं पुरतं. वृद्धसेवेच्या कामाला भाषेची आणखी एक वेगळी परीक्षा. पहिल्या टप्प्यावर एकूण पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. ‘आधी स्टुडंट व्हिसावर जा, तिथून बदलू’ असं सांगून याच मुलांना भाषाशाळा विकली जाते. बदलता येतं, हे खरं. पण जे काम इथे बसून या परीक्षांनी होतं, त्यासाठी आठ लाख येन कशाला मोजायचे?

पैशाचं गणित

टोकियोतल्या साध्या शाळेचं पहिल्या वर्षाचं शुल्क साधारण आठ ते नऊ लाख येन धरा. त्यात निवड शुल्क वीस-तीस हजार, प्रवेश शुल्क पन्नास हजाराच्या आसपास आणि बाकी शिकवणी, सुविधा, पुस्तकं. हॉस्टेलचे तीन ते सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागतात. ते, तिकीट आणि पहिल्या तीन महिन्यांचा खर्च मिळून हातात तेरा-चौदा लाख येनांची सोय हवी. येन ५५ ते ६० पैशांच्या दरम्यान धरला, तर हे साडेसात-आठ लाख रुपये होतात.

एजंट इथे लगेच बाइतोचं, म्हणजे पार्टटाइम कामाचं गणित मांडतो. ते असं: टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन. आठवड्याला २८ तास, चार आठवडे, म्हणजे ११२ तास, म्हणजे सुमारे १,३७,००० येन. गुणाकार बरोबर आहे. वजाबाकी कोणी करत नाही. सामायिक खोलीचे ३५ ते ४५ हजार, जेवणाचे २५ ते ३० हजार, शिवाय फोन, आरोग्य विमा, वीज-गॅस आणि प्रवास. महिन्याला ८० ते ९५ हजार सहज जातात. भाषाशाळेत जाणारी बरीच मुलं प्रवासाच्या पासाबाबतही फसतात: रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास भाषाशाळांना सरसकट लागू नाही. शाळा शिक्षणसंस्था म्हणून नोंदलेली नसेल, तर मोठ्या माणसांचाच पास घ्यावा लागतो, आणि खोली लांब असेल तर तो बोचतो.

पूर्ण २८ तास मिळाले तरी महिन्याला चाळीस-पन्नास हजारच उरतात, म्हणजे वर्षाला पाच-सहा लाख. दुसऱ्या वर्षाची फी त्यातून पूर्ण निघत नाही. पहिले दोन महिने तर काम शोधण्यातच जातात. बाइतोवर राहणं-खाणं निघतं, फी निघत नाही, असं धरून घरून तरतूद करावी. फुकुओकात किमान वेतन १,०५७ आहे, खोली मात्र बरीच स्वस्त. शिल्लक जवळपास तेवढीच राहते आणि गर्दी कमी. लहान शहरांत इंग्रजीचा आधार नसतो, ही भाषा शिकणाऱ्याच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट.

२८ तासांचा नियम नीट समजून घ्या. तो सगळ्या नोकऱ्या मिळून आहे, आणि सोमवार ते रविवार असा नाही: कुठल्याही दिवसापासून मोजलेल्या सात दिवसांत २८ तास. एका आठवड्याच्या शेवटी आणि पुढच्याच्या सुरुवातीला शिफ्ट रचून जास्त तास काढले, तर ते नियमाबाहेर जातं. शाळेच्या जाहीर लांब सुट्टीत दिवसाला आठ तास चालतात. परवानगी आपोआप येत नाही. उतरताना विमानतळावरच तिचा अर्ज देऊन मोकळं व्हावं. बार आणि पाचिंको (जुगाराच्या यंत्रांचं दुकान) यांसारख्या ठिकाणी काम बंदच, भांडी घासण्याचंही. जास्त तास केलेले त्या वेळी कोणाला कळत नाहीत. कळतं व्हिसा वाढवताना किंवा नोकरीचा दर्जा मागताना, कारण कराच्या दाखल्यात वर्षाचं उत्पन्न छापलेलं असतं. नोकरी मिळूनही व्हिसा नाकारला जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

एन-५ वर जाऊ नका

नियमाने एन-५ किंवा १५० तासांच्या अभ्यासाचा दाखला पुरतो, आणि पॅकेज विकणारे तेवढ्यावरच पाठवतात. सल्ला म्हणून हा सर्वांत महाग पडतो, आणि तोटा दोन्हीकडून होतो.

पहिला वर्गात. शून्याजवळच्या विद्यार्थ्याला शाळा प्राथमिक वर्गात बसवते आणि पहिले सहा महिने ‘मिन्ना नो निहोंगो’सारखं पुस्तक चालतं. मिन्नाचे दोन भाग मिळून ५० धडे. हेच ५० धडे पुण्यात नोकरी सांभाळून, तिथल्या फीच्या अगदी थोड्या भागात होतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, खासगी वर्ग तर पेठापेठांत. घरबसल्या हवं असेल, तर जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ ध्वनिफितींसह फुकट उतरवून घेता येतं.

दुसरा तोटा कामाचा. एन-५ वाल्याला मिळणारी कामं म्हणजे बेंतो डब्यांचा कारखाना, गोदामातली छाननी, हॉटेलच्या खोल्यांची सफाई, बहुतेक रात्रीची. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. सकाळी डोळे उघडत नाहीत, हजेरी घसरते, आणि हजेरी ८० टक्क्यांखाली गेली की व्हिसा वाढवताना प्रश्न सुरू होतात. एन-३ वाल्याला कोन्बिनी, म्हणजे रोजच्या वस्तूंचं छोटं दुकान, किंवा उपाहारगृह मिळतं. दिवसाला दोनशे ग्राहकांशी आदरार्थी जपानी बोलणं हा असा काइवाचा, म्हणजे संभाषणाचा वर्ग आहे, ज्याचे उलट पैसे मिळतात. दोघांची फी सारखी, शाळा सारखी; दोन वर्षांनी एक जण एन-३ वर असतो आणि दुसरा एन-२ च्या पुढे.

एन-३ पर्यंत किती वेळ लागतो? २०१० पूर्वी, चार पातळ्यांच्या काळात, जेएलपीटीचे अधिकृत आकडे होते: सर्वांत खालच्या पातळीला १५० तास, १०० कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरं), ८०० शब्द. त्यावरच्या पातळीला ३०० तास, ३०० कांजी, १,५०० शब्द. तिच्यावर ६०० तास, १,००० कांजी, ६,००० शब्द, आणि शेवटी ९०० तास, २,००० कांजी, १०,००० शब्द. आजची एन-३ ही मधल्या दोन पायऱ्यांमधली रुंद फट बुजवायला आली. कांजी शून्यापासून शिकणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे तास वाढवूनच धरावेत. कॉलेज किंवा नोकरी सांभाळून शून्यापासून एन-३ ला दोन वर्षं हा सरळ हिशोब आहे. वर्षात एन-३ देतो म्हणणारा क्लास कांजीवर कात्री लावतो, किंवा जुन्या प्रश्नपत्रिका घोकून घेतो.

मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात. क्रियापद शेवटी, नामाला मागून चिकटणारे प्रत्यय, आदरार्थी रूपांची सवय. ‘त्सु’ आणि ‘झु’ हे उच्चार ‘चमचा’ आणि ‘जहाज’ म्हणणाऱ्या जिभेला जड नाहीत. जोडाक्षरातला दाबही, ‘पक्का’-‘सत्ता’ म्हणणाऱ्याला, लगेच जमतो. घोटाळा होतो ऱ्हस्व-दीर्घाचा. बोलताना आपण इकार-उकाराची लांबी पाळत नाही. जपानीत ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीरु’ म्हणजे बिअर, आणि कानाला तो फरक टिपता आला नाही तर चोकाईत, म्हणजे श्रवणाच्या पेपरात, गुण जातात. आपल्याकडच्या वर्गांत व्याकरण आणि कांजीवर जोर असतो, चोकाई परीक्षेच्या आधी महिनाभर. जपानमध्ये पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गवारीची चाचणी असते, तिच्यात तोंडीही असते. कागदावर एन-४ असलेला मुलगा तोंडीत अडखळला, की त्याला पुन्हा मिन्नाच्या पहिल्या भागात बसवतात. जाण्याआधीचे तीन महिने रोज अर्धा तास फक्त ऐकण्या-बोलण्याला दिले, तर एक सत्र वाचतं.

जेएलपीटीत मात्र बोलणं-लिहिणं काहीच नसतं, सगळं पर्यायी. पास व्हायला १८० पैकी एन-३ ला ९५, एन-२ ला ९०, एन-१ ला १०० लागतात. या तिन्ही पातळ्यांवर प्रत्येक विभागात ६० पैकी किमान १९ हवेत. एकूण ११० मिळवूनही श्रवणात १८ असतील, तर नापास.

तारखा

जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. जुलैचा निकाल ऑगस्टच्या अखेरीस लागतो, डिसेंबरचा जानेवारीच्या अखेरीस. एप्रिलच्या बॅचची कागदपत्रं शाळा आदल्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये घेते, ऑक्टोबरच्या बॅचची मार्च ते मेमध्ये. म्हणून एप्रिलसाठी आदल्या वर्षीची जुलैची परीक्षा आणि ऑक्टोबरसाठी डिसेंबरची परीक्षा. दरवर्षी मुलं डिसेंबरला बसतात आणि एप्रिलला जायचं म्हणतात. त्यांचा निकाल येतो तेव्हा अर्ज इमिग्रेशनकडे जाऊन दोन महिने झालेले असतात. परीक्षेच्या जागाही मर्यादित असतात, केंद्राची नोंदणी उघडताच भरावी. हुकलीच तर वर्षातून सहा वेळा होणारी नॅट-टेस्ट बऱ्याच शाळांना चालते, पण नोकरीच्या वेळी कंपन्या जेएलपीटीच विचारतात.

इमिग्रेशनचा निकाल, म्हणजे सीओई हे पात्रतेचं प्रमाणपत्र, एप्रिलच्या बॅचसाठी फेब्रुवारीच्या अखेरीस येतो. मग फी भरायची, सीओई हातात घ्यायचं, व्हिसा काढायचा आणि मार्चअखेर निघायचं. सगळं महिन्याभरात उरकावं लागतं. सीओईची मुदत तीन महिने. फी सीओई मंजूर झाल्यावर भरायची असते. आधीच पूर्ण पैसे मागणाऱ्याला ‘का?’ असं लेखी विचारा.

कागदपत्रं, जिथे अर्ज खरोखर पडतात

इमिग्रेशनला दोन गोष्टींची खात्री हवी असते: हा शिकायला येतोय, आणि पैसा खरा आहे. दुसरीवर आपल्याकडचे बरेच अर्ज पडतात. खात्यात महिन्यापूर्वी एकदम दहा लाख आले आणि त्याआधी शिल्लक चाळीस हजार, हे पासबुकात लगेच दिसतं. पैसा कसा साठला ते दाखवावं लागतं: सहा महिने ते वर्षाच्या नोंदी, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगाराचा दाखला.

शेतकरी घरांची अडचण वेगळी. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकर विवरणपत्र नसतं किंवा त्यात आकडा नगण्य असतो. अशा वेळी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बाजार समितीच्या पावत्या आणि त्या पावत्यांशी जुळणाऱ्या बँकेतल्या जमा अशी साखळी लावावी. सगळ्याला जपानी भाषांतर जोडायचं. तहसीलचा दाखला एक आकडा सांगतो आणि पावत्या त्याच्या तिप्पट, असं झालं तर साखळीच गळ्यात येते.

नावाचा घोळही खास आपला. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात मिसळलेलं, कधी गाळलेलं. आधारवर तिसरंच स्पेलिंग. जपानमधलं निवास कार्ड पासपोर्टप्रमाणे निघतं, म्हणून आधी पासपोर्ट दुरुस्त करा, बाकीच्यांना प्रतिज्ञापत्र. नावाचं काताकाना, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीतलं रूप एकदाच ठरवा आणि बँक, शाळा, मालक सगळीकडे तेच लिहा. बँक खात्यातला एक स्वर लांब आणि मालकाच्या यादीत आखूड असला, तर पगार परत जातो.

शिक्षणात मोठा खंड असेल तर त्या वर्षांत काय केलं, याचे दाखले जोडा. आणि ‘मी जपानीच का शिकतोय’ हे पत्र एजंटचं छापील नको. एकाच शहरातून एकाच मजकुराची पत्रं गेली की तपासणाऱ्याला वास येतोच.

शाळा कशी पारखावी

१ एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये भाषाशाळांना शिक्षण मंत्रालयाची मान्यता देणारा नवा कायदा लागू झाला. जुन्या शाळांना मार्च २०२९ पर्यंत मुदत आहे. तुमचा कोर्स ज्या वर्षी संपतो, त्या वर्षी शाळेकडे नवी मान्यता असेल का, हा आजचा पहिला प्रश्न. दुसरा, शाळा इमिग्रेशनच्या लेखी ‘तेकिसेइको’ म्हणजे योग्य शाळा आहे का. नसेल तर विद्यार्थ्याला मुक्कामाचा काळ सहा-सहा महिन्यांचाच मिळतो आणि कागदपत्रंही जास्त मागतात.

शाळेला थेट ई-मेल करा, सोप्या जपानीत. मागच्या वर्षी पास झालेल्यांपैकी किती विद्यापीठात गेले, किती सेनमोनमध्ये, किती नोकरीत? त्यांतले कांजी न वापरणाऱ्या देशांचे किती? माझ्या वर्गात किती देशांची मुलं असतील? एका वर्गात २० पर्यंतच विद्यार्थी चालतात, पण त्यातले पंधरा एकाच देशाचे असले तर मधल्या सुट्टीत जपानी बंद होते. सीओई नाकारलं, व्हिसा नाकारला, मी स्वतः रद्द केलं, या तीन प्रसंगांत किती पैसे परत आणि किती दिवसांत? साधारण रीत अशी की निवड शुल्क जातं, व्हिसा नाकारला तर बहुतेकदा प्रवेश शुल्कही जातं, शिकवणी शुल्क परत येतं. जी शाळा या प्रश्नांना आकड्यांत उत्तर देते, ती ठेवा. ‘तुमच्या एजंटला विचारा’ म्हणणारी वगळा.

एजंटबद्दल थोडक्यात. अनेक शाळा विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन देतात, तेव्हा तुमच्याकडून घेतलेली फी ही त्याची दुसरी कमाई असते. घासाघीस करायला जागा आहे. शाळेची फी शाळेच्याच जपानमधल्या खात्यात, शाळेच्या बिलावर भरा. भाषांतर आणि फॉर्म भरण्याचे पैसे देणं गैर नाही, काम किचकट असतं. नोकरीची ‘गॅरंटी’ देणारा मात्र स्टुडंट व्हिसाच्या दारात उभा राहून कामगार भरती करतोय. भारतात परदेशी नोकरभरतीला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते.

एक पर्याय फारसा विकला जात नाही, कारण त्यात कमिशन कमी: विद्यापीठांचे स्वतःचे ‘बेक्का’, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे पूर्वतयारी वर्ग. ग्रंथालय, उपाहारगृह, जपानी विद्यार्थ्यांचे क्लब हे सगळं तिथे मिळतं, आणि काही ठिकाणी त्याच विद्यापीठात प्रवेशाची सोयही असते. बारावीवाल्यांनी भाषाशाळेच्या आधी हे बघावं.

पोचल्यावर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा. आरोग्य विमा तिथेच होतो, उपचाराच्या खर्चाचे ३० टक्के स्वतः द्यायचे. वीस वर्षांवरच्यांना राष्ट्रीय पेन्शनही लागू होते. उत्पन्न कमी म्हणून सवलतीचा अर्ज त्याच खिडकीवर त्याच दिवशी द्या, नाहीतर महिन्याला सतरा-अठरा हजार येनांची बिलं येऊ लागतात. शाळा अर्ध्यात सोडली किंवा बदलली तर इमिग्रेशनला १४ दिवसांत कळवायचं. काहीच न शिकता तीन महिने राहिलं तर दर्जा रद्द होऊ शकतो. एका भाषाशाळेतून दुसऱ्या भाषाशाळेत जाणं कागदावर शक्य असतं, प्रत्यक्षात नवी शाळा घ्यायला नाखूश असते आणि भरलेली फी तर बहुधा जातेच. म्हणून ते ई-मेल पाठवायची वेळ पैसे भरण्याआधीची.